विवाहित फादर, कार्यरत फादर आणि अडलेला संवाद

ख्रिस्ती धर्मोपदेशकाने लग्न करावे की करू नये, या प्रश्नाची दोन्ही उत्तरे नगर जिल्ह्यातल्या माणसाने लहानपणापासून पाहिलेली असतात. प्रोटेस्टंट मराठी मिशनच्या चर्चमधले पाळकसाहेब बायकोमुलांसह राहतात. रोमन चर्चचे फादर एकटे राहतात. अनेक गावांत एकाच भावकीतले एक घर मिशनकडे असते आणि दुसरे रोमनकडे. मिशन आणि रोमन घरांत सोयरीक होते, मयतीला सगळे एकत्र येतात. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ मध्ये सुरू झाले. जर्मन जेझुइट त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने केंदळ, संगमनेर, राहाता या पट्ट्यात आले. तेव्हापासून हे दोन नमुने शेजारी शेजारी नांदत आहेत, आणि कोणता खरा यावरून गावात भांडण झाल्याचे ऐकिवात नाही.

बोलायला अवघड जाते ते तिसऱ्या माणसाबद्दल. हा माणूस एकेकाळी फादर होता, मिस्सा करायचा, पापनिवेदन ऐकायचा, लोकांना मूठमाती द्यायचा. मग त्याने लग्न केले. त्याच्याविषयी बोलताना घरातली माणसे आवाज खाली आणतात. ज्या चर्चमध्ये तो वेदीवर उभा राहत होता, तिथे तो आता शेवटच्या बाकावर बसतो, किंवा येतच नाही. त्याच्याबरोबर सेमिनरीत शिकलेला मित्र आजही फादर असतो, कुठल्या तरी धर्मग्रामाचा प्रमुख असतो. दोघांना एकमेकांचा नंबर माहीत असतो. पण चर्च कसे सुधारावे, या विषयावर ते दोघे एकाच टेबलाशी अधिकृतपणे बसल्याचे आपल्याकडे जवळजवळ कधी घडत नाही. हा संवाद का अडला, तो इतरत्र कसा चालला, आणि आपल्या भागात तो सुरू व्हायचा असेल तर त्यात काय बोलले जावे, याचा हा आढावा आहे.

आधी नियमाकडे पाहू. धर्मगुरूने अविवाहित राहणे हा कॅथलिक श्रद्धेचा सिद्धान्त नाही, ती शिस्त आहे. पेत्राला सासू होती हे शुभवर्तमानातच आहे. पहिल्या हजार वर्षांत विवाहित धर्मगुरू होते. त्यांच्यावर निर्बंध येत गेले आणि ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंनी केलेले विवाह अवैध ठरवले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मगुरूंविषयीच्या आपल्या दस्तऐवजात ब्रह्मचर्याचा गौरव केला. पुरोहितपणाच्या स्वरूपातून ते अपरिहार्यपणे निघत नाही, हेही तिथेच मान्य केले आणि पौर्वात्य चर्चमधल्या विवाहित धर्मगुरूंचा आदराने उल्लेख केला. दोनच वर्षांत, जून १९६७ मध्ये, पोप पॉल सहावे यांनी स्वतंत्र परिपत्रक काढून लॅटिन चर्चपुरता नियम कायम ठेवला. १९७१ च्या बिशपांच्या सिनडमध्ये पुन्हा चर्चा झाली. तिथली मते एकतर्फी नव्हती, पण नियम बदलला नाही.

आपल्याकडे हे सगळे दूरचे वाटते, पण तसे नाही. खडकी-पुणे येथे सिरो-मलंकारा कॅथलिकांचा धर्मप्रांत आहे. १९३० मध्ये मार इवानिओस यांच्याबरोबर या परंपरेतली मंडळी रोमशी जोडली गेली. त्यानंतर ऑर्थोडॉक्स चर्चमधून जे विवाहित धर्मगुरू त्यांच्याकडे आले, त्यांचे पुरोहितपण आणि संसार दोन्ही मान्य झाले. पौर्वात्य कॅथलिकांसाठी १९९० मध्ये आलेल्या संहितेत विवाहित धर्मगुरूंची स्थिती सन्माननीय असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. २०१४ मध्ये व्हॅटिकनने आणखी एक जुनी बंदी उठवली. पौर्वात्य परंपरेचे विवाहित धर्मगुरू आता त्यांच्या मूळ प्रदेशाबाहेरही सेवा करू शकतात. अँग्लिकन चर्चमधून आलेल्या विवाहित पाळकांना कॅथलिक धर्मगुरू करण्याची वाट तर २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीच रुंद केली. म्हणजे विवाहित कॅथलिक फादर ही अशक्य गोष्ट नाही. आधी लग्न करून मग धर्मगुरू झालेल्याला काही वाटांनी जागा मिळते, आधी धर्मगुरू होऊन मग लग्न केलेल्याला मिळत नाही. संवादातली खरी गाठ इथे आहे. हा दुसरा माणूस दिलेला शब्द परत घेतो, म्हणून त्याच्याकडे पाहण्याची नजर वेगळी असते.

शब्द परत घेण्याची कायदेशीर रीत आहे. धर्मगुरू रोमकडे अर्ज करतो. अर्जासोबत त्याच्या घडणीचा, अडचणींचा, मनाच्या हालहवालाचा कागद जातो. ब्रह्मचर्यातून सूट फक्त पोप देऊ शकतात. पॉल सहावे यांच्या काळात ही सूट तुलनेने सहज मिळे. ऑक्टोबर १९८० मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी नियम कडक केले. सूट मिळालीच तर तिच्यासोबत अटी येत. ज्या ठिकाणी त्याला फादर म्हणून ओळखत होते तिथे सहसा राहू नये, चर्चमध्ये प्रवचन देऊ नये, सेमिनरीत शिकवू नये, लग्न गाजावाजा न करता व्हावे. बिशप काही अटी शिथिल करू शकत असत, पण मूळ रोख स्पष्ट होता: या माणसाने दिसेनासे व्हावे. आणि तरी कायदा त्याचे पुरोहितपण पुसत नाही. मरणाच्या दारी असलेल्या माणसाचे पापनिवेदन तो आजही ऐकू शकतो आणि ते वैध असते. चर्चच्या कायद्याच्या १९८३ च्या संहितेचे ९७६ वे कलम हे सांगते. रस्त्यावर अपघात झाला तर तो पुन्हा फादर असतो आणि रविवारच्या चर्चमध्ये तो वाचनही करू शकेल की नाही याची शंका असते. या विसंगतीवर चर्चच्या आतल्या माणसांनीच बोलायला हवे.

संख्या लहान नाही. 'ला चिविल्ता कात्तोलिका' या रोमच्या जेझुइट नियतकालिकाने २००७ मध्ये आकडे दिले होते. १९६४ ते २००४ या काळात जगभरात ६९,०६३ धर्मगुरूंनी सेवा सोडली आणि १९७० ते २००४ या काळात ११,२१३ जण परतले. उरलेल्यांपैकी बहुतेकांनी संसार मांडले. एवढे प्रशिक्षित, शास्त्र शिकलेले, लोकांच्या घरात आत-बाहेर असलेले मनुष्यबळ चर्चने बाहेर ठेवले.

महाराष्ट्रात या विषयावर बोलायचे तर मनमाडपासून सुरुवात करावी लागते. व्हिन्सेंट फेरर हे १९२० मध्ये बार्सिलोनात जन्मले. स्पेनच्या यादवी युद्धात ते प्रजासत्ताकाच्या बाजूने लढले, नंतर जेझुइट झाले आणि १९५२ मध्ये भारतात आले. मनमाडच्या दुष्काळी पट्ट्यात त्यांनी शेतकऱ्यांना विहिरी खोदायला बिनव्याजी मदत उभी केली, माणसे एकत्र आणली, पाणी काढले. फादर फेरर हे नाव त्या भागात घरोघर गेले. त्यांचे वजन वाढले तसा विरोधही वाढला आणि १९६८ मध्ये त्यांना देश सोडण्याचा आदेश निघाला. त्याविरुद्ध हजारो शेतकरी रस्त्यावर उतरले आणि मनमाडहून मुंबईकडे अडीचशे किलोमीटरची पदयात्रा निघाली. इंदिरा गांधींनी मधला मार्ग काढला. फेरर काही काळ परदेशी जातील आणि नंतर त्यांचे भारतात पुन्हा स्वागत होईल, असे ठरले. १९६९ मध्ये ते परतले ते आंध्रातल्या अनंतपूरला. १९७० मध्ये त्यांनी जेझुइट संघ सोडला आणि मुंबईत पत्रकारिता करणाऱ्या अ‍ॅन पेरी यांच्याशी विवाह केला. मनमाडच्या आंदोलनाच्या काळातच दोघांची ओळख झाली होती. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे दोघांनी अनंतपूरच्या कोरडवाहू गावांत शाळा, दवाखाने, घरे, पाण्याचे साठे यांचे अफाट काम उभे केले. १९९८ मध्ये स्पेनचा प्रिन्स ऑफ अस्तुरियास हा सन्मान त्यांना मिळाला. २००९ मध्ये ते अनंतपूरलाच गेले.

आता दुसरे नाव घेऊ. हर्मन बाखर हे स्विस जेझुइट १९४८ मध्ये भारतात आले आणि नगर जिल्ह्यात रुळले. १९७२ च्या दुष्काळाने त्यांना पाण्याच्या प्रश्नात ओढले. पुढे भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमामागची मोठी प्रेरणा ते ठरले. संगमनेर तालुक्यातल्या मेंढवण आणि दरेवाडीची नावे त्या कामातून सर्वत्र पोहोचली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांध, समतल चर, चराईबंदी, गावाचे श्रमदान, आणि या सगळ्यावर गावाचीच समिती. बाखर शेवटपर्यंत जेझुइट राहिले.

एकाच संघात घडलेले, एकाच कोरड्या मुलखात पाण्यासाठी झटलेले हे दोन युरोपीय. एकाने लग्न केले, एकाने केले नाही. दोघांच्या कामाच्या खाली एकच गोष्ट होती: फादरने दान वाटायचे थांबवावे आणि गावाने स्वतःचा निर्णय घ्यावा. मिशनच्या इतिहासात हा केवढा मोठा सुधार आहे, हे नगर जिल्ह्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांना सांगावे लागत नाही. दुष्काळात मिशनकडून धान्य मिळाले, शाळा मिळाली, नोकरी मिळाली, आणि त्याबरोबर मिशनवर अवलंबून राहण्याची सवयही लागली. या अवलंबनातून बाहेर कसे पडायचे यावर फेरर आणि बाखर यांचे अनुभव एकत्र मांडले गेले असते तर आपल्या भागातल्या चर्चला केवढे शिकायला मिळाले असते, असे मला फार मनापासून वाटते. विवाहित आणि कार्यरत धर्मगुरूंच्या संवादाचा हेतू मी असा समजतो. ब्रह्मचर्य श्रेष्ठ की संसार, हा वाद त्यात मागे पडावा. दोघांनी त्याच लोकांची सेवा दोन बाजूंनी पाहिली आहे, त्याचा उपयोग व्हावा.

पण आपली माती या प्रश्नाला स्वतःचे वजन देते. नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी तालुक्यातून पाहिले तर ते नीट कळते. इथल्या चिचोंडीत १९०० मध्ये जन्मलेल्या मुलाने तेराव्या वर्षी याच तालुक्यातल्या मिरी गावात जैन दीक्षा घेतली आणि ते आचार्य आनंदऋषी झाले. त्यांनी उभी केलेली धार्मिक परीक्षांची संस्था पाथर्डीत आहे आणि त्यांच्या ब्रह्मचर्याला, वैराग्याला सगळ्या जातिधर्मांचे लोक हात जोडतात. मढीला कानिफनाथांचा गड आहे, तिथे होळीपासून पाडव्यापर्यंत यात्रा भरते. जवळच मायंबाला मच्छिंद्रनाथांची समाधी मानतात. स्त्रीराज्यात संसारात रमलेल्या याच गुरूला गोरखनाथांनी परत आणल्याची कथा इथे शेंबड्या पोराला माहीत असते. अशा मुलखात दीक्षा सोडलेल्याकडे लोक घसरलेला म्हणूनच पाहणार, हे समजण्यासारखे आहे. कॅथलिक घरातही तीच नजर असते, ती काही रोमहून आलेली नाही.

उलट दिशेची कथाही याच जिल्ह्याला येऊन मिळते, आणि ती जास्त जड आहे. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेने ते आळंदीला संसारात परतले, त्यांना चार मुले झाली. समाजाने त्यांना वाळीत टाकले. देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले आणि आईबापांनी ते घेतले, असे परंपरा सांगते. मुलांना संन्याशाची पोरे म्हणून हिणवले गेले, शुद्धिपत्रासाठी पैठणला जावे लागले. त्यातल्या ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला गीतेवरचे भाष्य सांगितले. नेवासे पाथर्डीपासून लांब नाही. गुरूने स्वतः परत पाठवलेला संन्यासी आणि पोपने स्वतः सूट दिलेला फादर यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. दोघांनाही वरून परवानगी मिळाली आणि दोघांनाही खालच्या माणसांनी क्षमा केली नाही. त्या आळंदीच्या घराचे काय झाले हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. नगर-नाशिक भागातल्या कॅथलिकांनी हा इतिहास आपला मानून वाचावा. सूट मिळालेल्या फादरच्या मुलांना शाळेत, चर्चमध्ये, लग्न जुळवताना काय ऐकावे लागते, याची चौकशी धर्मप्रांताने कधीतरी केली पाहिजे.

इथे जातीचा आणि पोटाचा प्रश्न येतो. नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती बहुसंख्येने पूर्वास्पृश्य समाजातून आले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. अशा घरातला मुलगा फादर होतो तेव्हा सगळे गाव जेवते. दहा-बारा वर्षांचे शिक्षण, इंग्रजी, लॅटिनची ओळख, पुण्याच्या पेपल सेमिनरीसारख्या संस्थेतले तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र हे सगळे त्याला मिळते. कुळाला मान मिळतो. हाच मुलगा पस्तिशी-चाळिशीत बाहेर पडतो तेव्हा त्याच्याकडे घर नसते, शेत भावांच्या नावावर असते, बँकेत काही नसते, भविष्य निर्वाह निधी नसतो आणि आरक्षणाचा आधारही नसतो. सुखवस्तू घरातून आलेल्या फादरला बाहेर पडणे जेवढे जमते तेवढे भूमिहीन घरातल्याला जमत नाही. म्हणून कोण मोकळ्या मनाने राहतो आणि कोण नाइलाजाने, हे बाहेरून सांगता येत नाही. चर्चच्या कायद्यात याची थोडी तरतूद आहे. संघ सोडणाऱ्याला केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही, पण संघाने त्याच्याशी न्यायाने आणि प्रीतीने वागावे, असे ७०२ वे कलम सांगते. शिक्षा म्हणून काढलेल्या आणि खरोखर हलाखीत असलेल्या धर्मगुरूचीही सोय बिशपने पाहावी, असे १३५० वे कलम सांगते. न्यायाने म्हणजे किती रुपये, किती महिने, हे कुठेच लिहिलेले नाही. भारताच्या कॅथलिक बिशपांनी डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये जातिभेद आहे हे मान्य केले. त्या धोरणाच्या प्रकाशात हा हिशेब मांडला जाणे योग्य ठरेल.

लग्नाला परवानगी मिळाली की चर्च सुधारले, असे ज्यांना वाटते त्यांनी शेजारच्या प्रोटेस्टंट चर्चकडे नीट पाहावे. नगरच्या मिशनला १८५० च्या दशकापासून भारतीय, संसारी पाळक होते. तरी पैसा आणि निर्णय बराच काळ परदेशी मिशनऱ्यांच्या हाती राहिला. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. ते पुढे पाळक झाले, त्यांचे घर म्हणजे अनाथ मुलांचे, पाहुण्यांचे, दुष्काळात आलेल्यांचे घर झाले. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये ते घर आहे. विवाहित धर्मगुरूच्या संसाराचे इतके निखळ चित्र मराठीत दुसरे नाही, आणि या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येक बिशपाने ते वाचलेले असावे असे मला वाटते. नवऱ्याच्या श्रद्धेपायी बायकोला काय काय सोसावे लागते आणि ती स्वतःच्या बळावर कशी उभी राहते, हे तिथे दिसते. एवढे असूनही टिळकांना मिशनची चौकट पुरेना. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' मांडला. दोन वर्षांत ते गेले. त्यांचे दुखणे लग्नाचे नव्हतेच. पगार देणारा कोण, ठरवणारा कोण आणि ख्रिस्ताचे रूप देशी की परदेशी, हे त्यांचे दुखणे होते. आजच्या कॅथलिक फादरचे दुखणेही पुष्कळदा हेच असते.

इतर देशांत हा संवाद कसा झाला, ते थोडक्यात पाहू. अमेरिकेत १९७४ मध्ये शिकागोला 'कॉर्पस' ही विवाहित धर्मगुरूंची संघटना निघाली. सेवेला बोलावले तर आम्ही तयार आहोत, हे तिचे म्हणणे होते. पुढे युरोप आणि लॅटिन अमेरिकेत अशा संघटनांचे महासंघ झाले. त्यांच्या मागण्यांना रोमने अधिकृत उत्तर फारसे दिले नाही. पण व्यक्तिगत पातळीवर दारे उघडली गेली. अर्जेंटिनाचे बिशप हेरोनिमो पोदेस्ता यांनी १९६७ मध्ये पद सोडले आणि पुढे क्लेलिया लुरो यांच्याशी लग्न केले. २००० मध्ये ते मरणपंथाला लागले तेव्हा त्यांच्याजवळ जाणारे धर्माधिकारी म्हणजे ब्वेनोस आयरेसचे आर्चबिशप बर्गोलिओ. क्लेलियाबाईंशी त्यांची मैत्री पुढेही राहिली. हेच बर्गोलिओ २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस झाले. नोव्हेंबर २०१६ मध्ये ते रोमच्या एका वस्तीत गेले आणि धर्मगुरुपद सोडून संसार केलेल्या तरुणांना, त्यांच्या बायकामुलांना भेटले.

नियमाच्या पातळीवर मात्र तेही थांबले. ऑक्टोबर २०१९ च्या अमेझॉन सिनडमध्ये दुर्गम वस्त्यांतल्या प्रतिष्ठित, विवाहित, अनुभवी पुरुषांना धर्मगुरू करावे असा परिच्छेद १२८ विरुद्ध ४१ मतांनी संमत झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या आपल्या पत्रात पोपनी त्याला होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. त्या प्रश्नाचे मूळ होते लोकांची भाकर. महिनोन्महिने जिथे धर्मगुरू पोहोचत नाही, तिथल्या लोकांनी ख्रिस्तप्रसादाशिवाय राहायचे का? हा प्रश्न आपल्याकडे वेगळ्या रूपात उभा आहे. पाथर्डी, शेवगाव, आष्टी, शिरूर कासार हा ऊसतोडीचा पट्टा. दसरा-दिवाळी झाली की गावे रिकामी होतात, माणसे कोपीवर राहतात, कारखान्याच्या फडात निम्मे वर्ष जाते. त्यांच्यातल्या कॅथलिक कुटुंबाचे धर्मग्राम कोणते, गावाकडचे की फडातले? त्यांच्याबरोबर राहणारा, कोयता हातात घेतलेला, बायकोमुलांचा माणूस त्यांची मिस्सा करू शकला तर चर्च त्यांच्याजवळ असेल. मिशनच्या जुन्या काळात जवळजवळ हेच काम मास्तर करत होते. शाळा शिकवायचे, प्रार्थना घ्यायचे, आजाऱ्याजवळ बसायचे. फादर महिन्या-दोन महिन्यांनी घोड्यावरून यायचे. मास्तर संसारी होते आणि गावाने त्यांचा धर्म त्यामुळे कमी मानला नाही.

आता कार्यरत फादरांची बाजू. तिला मी कमी लेखणार नाही. वीस-पंचवीस वर्षे एकटेपण सोसून ज्याने शब्द पाळला, त्याला सोडून गेलेल्याचे सल्ले ऐकावेसे वाटत नाहीत. मित्र गेला तेव्हा त्याची कामे याच्या अंगावर पडली. लोकांच्या प्रश्नांना यालाच उत्तरे द्यावी लागली. शिवाय सुधारणेवर मोकळे बोलले तर बदली कुठे होईल, याची धास्ती असते. ब्रह्मचर्य ज्यांनी आनंदाने जगले आहे, ज्यांना ते देवाची देणगी वाटते, त्यांचे म्हणणेही खरे आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईत पर्यावरणासाठी, मराठीसाठी, शोषणाविरुद्ध ठामपणे उभे राहिले. मागे कुटुंब नसल्याने त्यांना ती मोकळीक होती, हे कोण नाकारेल?

आणि एक रेघ स्पष्ट ओढावी लागते. लहान मुलांवर किंवा स्त्रियांवर अत्याचार केल्याने ज्यांना काढले, ते या संवादात येत नाहीत. त्यांचा विषय न्यायालयाचा आहे. रीतसर सूट मागून किंवा उघडपणे लग्न करून बाहेर पडलेल्यांना त्यांच्या ओळीत बसवणे हा अन्याय आहे. तो अन्याय कुजबुजीतून रोज होतो. चर्चने स्वच्छ शब्दांत हा फरक जाहीर केला, तर बऱ्याच घरांवरचे ओझे त्याच दिवशी उतरेल.

संवादात बायका असल्या पाहिजेत. विवाहित फादरची पत्नी अनेकदा स्वतः चर्चमध्ये सेवा केलेली असते, कधी व्रत सोडलेली सिस्टर असते. नवऱ्याला भुलवणारी म्हणून सगळा दोष तिच्यावर येतो. लोक फेरर यांचे नाव घेतात, पण अनंतपूरच्या कामाची घडी बसवण्यात अ‍ॅन यांचा वाटा निम्म्याहून कमी नव्हता आणि नवऱ्यामागेही त्यांनी ते काम सांभाळले.

मग बोलायचे कशावर? माझ्या मते पहिल्या काही बैठकांत ब्रह्मचर्याचा विषय बाजूला ठेवावा, कारण तो नाशिकच्या, म्हणजे आपल्या धर्मप्रांताच्या, बिशपांच्या हातात नाही. त्यांच्या हातात जे आहे ते पुष्कळ आहे. प्रत्येक धर्मग्रामाला अर्थसमिती असलीच पाहिजे, असे ५३७ वे कलम सांगते. ती किती ठिकाणी खरोखर बसते आणि तिचा हिशेब लोकांसमोर वाचला जातो का? बदल्या कशाच्या आधारे होतात? जमिनी, शाळा, वसतिगृहे यांचे निर्णय प्रापंचिकांना विचारून होतात का? सेमिनरीतल्या मुलांना एकटेपण, पैसा, मैत्री, शरीर यांविषयी कोण मोकळेपणाने सांगते? या शेवटच्या प्रश्नावर तर विवाहित फादरांइतके कोणीच उपयोगी पडणार नाही. आपण कुठल्या वर्षी, कुठल्या एकटेपणात तुटलो हे ते सांगू शकतात, आणि ते ऐकून एखादा तरुण वेळीच बाहेर पडेल किंवा अधिक घट्ट राहील. दोन्ही चांगलेच.

यासाठी चर्चच्या आत आधारही तयार झाला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिनडच्या पहिल्या सत्राचा जो संकलित अहवाल आला, त्यात सेवा सोडून गेलेल्या धर्मगुरूंना, प्रत्येकाचा विचार स्वतंत्रपणे आणि परिस्थिती पाहून, त्यांच्या शिक्षणाचा व अनुभवाचा मान राखणाऱ्या धर्मसेवेत पुन्हा सामावून घेण्याची शक्यता तपासावी, असे म्हटले आहे. लॅटिन चर्चमध्ये ब्रह्मचर्याची सक्ती असावी का, यावर आणखी विचार हवा, हेही त्याच प्रकरणात आहे. हे शब्द कुठल्या बंडखोर गटाचे नाहीत. पोपनी बोलावलेल्या सभेने ते मतदानाने संमत केले. सिनडच्या अंमलबजावणीचे वेळापत्रकही ठरले आहे. २०२७ च्या पहिल्या सहामाहीत प्रत्येक धर्मप्रांताने आढावा घेणारी सभा घ्यायची आहे, आणि ऑक्टोबर २०२८ मध्ये व्हॅटिकनला सर्व चर्चची सभा भरेल.

१९८७ मध्ये पुण्यापासून वेगळ्या झालेल्या नाशिक धर्मप्रांतात नगर जिल्हा येतो, मनमाडही येते. २०२७ च्या त्या सभेआधी धर्मप्रांताच्या हद्दीत राहणाऱ्या विवाहित फादरांना बिशपांच्या सहीचे एक साधे पत्र जाऊ शकते. तुम्ही काय पाहिले, काय सोसले, चर्चने काय बदलावे असे तुम्हाला वाटते, ते लिहून पाठवा, पत्नीलाही लिहू द्या, नाव छापायचे की नाही हे तुम्ही ठरवा. धर्मगुरूंच्या मंडळाने ती उत्तरे वाचावीत आणि त्यातल्या काहींना बोलावून एक पूर्ण दिवस ऐकून घ्यावे. १९०३ पासून चालत आलेल्या 'निरोप्या' या नियतकालिकाने त्यासाठी पाने द्यावीत. नगरलाच १८४२ मध्ये सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'ने प्रोटेस्टंट पाळकांच्या घरांचे अनुभव शेजारी छापले तर आणखी चांगले. यातल्या कशालाही रोमची परवानगी लागत नाही.